डुकराचं नाक

प्यो जेगॉननं चौदा गावांची वीज बदलली होती आणि चौदा गावांत मिळून एक रेडिओसुद्धा जळला नव्हता. हे तो न विचारता सांगायचा. जेवताना सांगायचा, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगायचा. बायको वैतागून म्हणायची, "तुमच्या थडग्यावर हेच कोरून घेते." तो म्हणायचा, "घे. फक्त आकड्याची जागा मोकळी ठेव, तोवर वाढलेला असेल."

काम तसं अवघड नव्हतं, कंटाळवाणं होतं. घराघरांत एकशे दहा व्होल्टची वीज होती, ती दोनशे वीस करायची. एकेक गाव घ्यायचं. आधी घरोघर जाऊन विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू वहीत लिहायची. मग बदलाच्या दिवशी सकाळी गावाची वीज बंद करायची आणि दुपारपर्यंत बल्ब नवे, सॉकेट नवे, प्रत्येक रेडिओ-टीव्ही मागून उघडून आतली छोटी कळ एकशे दहावरून दोनशे वीसवर फिरवायची. ज्या वस्तूला कळच नसेल तिला ट्रान्सफॉर्मर द्यायचा. दुपारी दुप्पट दाबाची वीज सोडायची. वहीत आलेली वस्तू वाचायची, न आलेली जळायची.

आता यात अडचण कसली, तर लोक वस्तू लपवायचे. डोंगरापलीकडे अमेरिकन छावणी, तिथून चोरवाटेनं येणारा माल खेडोपाडी पोचलेला. परदेशी वस्तू घरात सापडली की दंड, आणि ती कुणी दिली ते कबूल करेपर्यंत चौकीतला बाक. तेव्हा वहीवाला माणूस फाटकात दिसला रे दिसला की जपानी भातकुकर लोणच्याच्या रिकाम्या रांजणात जायचा आणि अमेरिकन इस्त्री तांदळाच्या पोत्यात. वहीवाला परतला की दोन्ही बाहेर यायचे, आणि नव्या विजेवर फटकन जळायचे. वीजवाल्यांच्या दुसऱ्या टोळ्यांनी केलेल्या गावांत असे कुकर डझनानं जळाले होते.

प्योनं यावर आपली युक्ती काढली होती. तो घरात शिरला की म्हणायचा, "मी जरा सिगरेट ओढून येतो. सिगरेट संपेस्तोवर जमिनीवर जे येईल ते मी दुरुस्त करीन. वहीत काही लिहिणार नाही. माझं अक्षरही वाईट आहे." परत येईपर्यंत जमिनीवर दुकान मांडलेलं असायचं. चौदा गावांत त्यानं इतक्या सिगरेटी ओढल्या होत्या की खोकल्याचा हिशेब सरकारनंच द्यायला हवा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचं नाक. नव्या सॉकेटला दोन गोल भोकं असत आणि जुन्या वस्तूंच्या पिनांना दोन सपाट पात्या. सपाट पाती गोल भोकात जात नाही, म्हणून पिनेवर एक काळं टोपण बसवायचं. बुटकं, पुढून दोन ठसठशीत खुंट्या. सगळा देश त्याला डुकराचं नाक म्हणायचा. प्यो ते आधी स्वतःच्या नाकाला लावायचा, डुकरासारखा घुरघुरायचा, म्हाताऱ्या तोंडावर हात धरून हसायच्या, आणि मग तो म्हणायचा, "हे नाक लावलं की झालं. आता दोनशे वीस येवो की दोन हजार, चावत नाही." म्हाताऱ्यांची भीती पळायची. खरं तर त्या नाकात काहीच नसतं. ते फक्त पिन भोकात बसवतं, विजेला काही करत नाही. जे करायचं ते प्योनं आधीच आतली कळ फिरवून केलेलं असायचं. पण ऐंशी वर्षांच्या बाईला व्होल्ट कोण समजावत बसणार? नाक पुरत होतं.

बामगोल हे पंधरावं गाव. सदतीस घरं, सगळी उतारावर, आणि एक्याऐंशी सालचा नोव्हेंबर इतका गार की घमेल्यातलं पाणी सकाळी फोडावं लागायचं. वस्तू लिहायला प्यो गेला तेव्हा सरपंच म्योंग टोपी घालून दारातच तयार होता.

"मी येतो बरोबर," सरपंच म्हणाला.

"वाट माहीत आहे मला, सरपंच."

"वाट दाखवायला कोण येतंय? वरून कागद आलाय. वीजवाल्याबरोबर फिरा, परदेशी माल दिसला की कळवा." त्यानं खिशातून तो कागद काढून दाखवला. शिक्का होता त्यावर. म्योंग वाईट माणूस नव्हता, पण शिक्का दिसला की त्याचा कणा आपोआप ताठ व्हायचा. असल्या माणसांनी जगात जेवढं नुकसान केलंय तेवढं दुष्टांनाही जमलेलं नाही.

छत्तीस घरं झाली. शेवटचं घर उताराच्या टोकाला, छोनचं. चढता चढता सरपंचानं सगळी कहाणी सांगितली. मुलगा अरबांच्या देशात रस्ते बांधायला गेलेला, वसंतात परत येणार. घरात सून ओकबुन आणि सासरा. दोन हिवाळ्यांमागे सासू गेली. या भागात खोल्यांच्या जमिनीखाली कोळशाच्या वड्या पेटवून शेक देतात, आणि जमिनीला कुठे बारीक चीर गेली तर त्या कोळशाचा वायू वर येतो. त्याला वास नसतो. दर हिवाळ्यात माणसं अशी जातात की सकाळी नुसती उठत नाहीत. छोनची म्हातारी उठली नाही. म्हातारा उठला, पण पाय गेले आणि वाचा गेली. सुनेनं सगळे करतात तसं मुळ्याच्या लोणच्याचं पाणी घशात ओतलं, शहरात नेलं, काही उपयोग झाला नाही.

"तेव्हापासून त्या खोलीत कोळसा बंद," सरपंच म्हणाला. "नवऱ्याला पत्रात शपथ लिहून दिलीये तिनं. मी म्हटलं, बाई, थंडीनं मरेल म्हातारा. तर म्हणते, मी आहे ना."

ओकबुन चाळिशीची, हडकुळी, हात थंडीनं फुटलेले. तिनं रेडिओ आणून ठेवला, दोन बल्ब दाखवले. म्हातारा आतल्या खोलीत गादीवर पडलेला, गळ्यापर्यंत दुलई. प्यो सॉकेट बघायला आत वाकला आणि त्याचा तळवा जमिनीवर टेकला. जमीन बर्फासारखी होती. मग तळवा गादीच्या कडेला लागला. गादी नुकत्याच उकडलेल्या रताळ्यासारखी गरम होती. दुलईच्या पायथ्याशी एक बारीक वायर गादीखाली गेलेली.

अंगाखाली अंथरायचं, विजेवर तापणारं ब्लँकेट. अमेरिकन. दुसरीकडे कुठे मिळतच नाहीत.

प्योनं वर पाहिलं. म्हातारा त्याच्याकडे बघत होता. बोलता येत नसलं तरी डोळे पुरे जागे होते.

"रेडिओ सोडून काही, वहिनी?" प्योनं विचारलं.

"नाही, मिस्त्री."

"इस्त्री? कुकर?"

"नाही."

"आजोबांच्या अंथरुणापाशी काही? अंगाखाली-बिंगाखाली?"

तिचे कान लाल झाले. "नाही हो. काय असणार?"

दारातून सरपंच खाकरला. "बाई नाही म्हणतेय ना तीनदा. तुम्ही काय पोलीस आहात?"

"बरं. मी जरा सिगरेट ओढून येतो," प्यो म्हणाला.

"चला, मीही ओढतो," सरपंच म्हणाला, आणि तिथेच उंबऱ्यात बसला, तोंड खोलीकडे करून. त्यानं प्योला काडीही पेटवून दिली. आयुष्यात इतकी निरुपयोगी सिगरेट प्योनं ओढली नव्हती. परत आत आला तेव्हा जमिनीवर रेडिओच होता. त्यानं वहीत लिहिलं: रेडिओ एक, बल्ब दोन, इतर काही नाही. खाली सही केली.

जाताना त्यानं मनाशी ठरवलं, आठवड्यात एकट्यानं यायचं आणि बाईला सरळ सांगायचं. मग सोळाव्या गावाचं काम निघालं, एक दिवस बस गेली नाही, एक दिवस दात दुखला. तो गेला नाही. कारणं सगळी खरी होती.

बदलाच्या दिवशी सकाळी नऊला गावाची वीज बंद झाली. प्यो छोनच्या घरी पोचला तेव्हा अकरा वाजले होते, आणि सरपंच होताच बरोबर, आज तर कोट घालून, कारण दुपारी त्याच्या अंगणात जेवण होतं. नवी वीज येणार म्हणून डुक्कर कापलं होतं.

या खेपेला प्यो हात हलवत आला नव्हता. स्वतःचा जुना ट्रान्सफॉर्मर त्यानं पाठीवर बांधून आणला होता, विटेएवढा, पण लोखंडाचा, चढताना कंबर मोडणारा. एका बाजूनं तो नव्या सॉकेटला लावायचा, दुसऱ्या बाजूला जुनी सपाट भोकं, तिथे जुनी वस्तू लावायची. दोनशे वीस आत जातात, एकशे दहा बाहेर पडतात. ब्लँकेटला हाच एक उपाय होता. त्याच्या पोटात कळबिळ काही नसते.

"हे ओझं इथेच ठेवतो, वहिनी," तो मोठ्यानं म्हणाला आणि ट्रान्सफॉर्मर दाराआड ठेवला. "संध्याकाळी नेईन, नाहीतर पुढच्या वर्षी. कुणाला यात काही लावायचं असलं तर खुशाल लावा. मी मोजत नाही." आणि त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं, जितकं परक्या बाईच्या डोळ्यांत बघता येतं तितकं.

सरपंच हसला. "मिस्त्री, यांच्याकडे एक रेडिओ. त्यात काय म्हातारा लावणार?"

ओकबुन हसली नाही. तिचा चेहरा राखेसारखा झाला. प्योला वाटलं, समजलं तिला. तिला समजलंच होतं, फक्त भलतं.

"थंडीत आलात, थांबा, सातूचा चहा टाकते," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. पाहुण्याला कोरडं पाठवायचं नाही, ही या गावांची रीत. ती चुलीशी होती तेवढ्यात प्योनं रेडिओचं मागचं झाकण काढलं, आतली कळ फिरवली, झाकण लावलं. दोन मिनिटांचं काम. ती वाफाळते पेले घेऊन आली तेव्हा तो पिनेवर नाक बसवत होता. तिनं पाहिलं ते एवढंच.

दोन वाजता वीज आली. नियमाप्रमाणे प्यो पुन्हा घरोघर फिरला. छोनच्या घरात बल्ब पेटत होता. दाराआड ट्रान्सफॉर्मर नव्हता. आत नेला, लावला, हुशार बाई, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो तिथे उभ्या उभ्या हसला. सरपंच जेवणाच्या गडबडीत खाली गेला होता. तेव्हा तो तिला स्पष्ट विचारू शकला असता. पण झालेल्या कामाबद्दल विचारून बाईला कशाला ओशाळं करायचं?

त्यानं रेडिओ लावला. कोबीचे बाजारभाव खणखणीत ऐकू आले. ओकबुन दचकून मागे सरली.

"चावत नाही, वहिनी." प्योनं खिशातून एक जादा नाक काढून आपल्या नाकाला लावलं आणि नेहमीपेक्षा जोरात घुरघुरला. आतल्या खोलीतून म्हाताऱ्याचा घशातल्या घशात हसल्यासारखा आवाज आला. ओकबुननं चमकून आत बघितलं. मग तीही हसली, बहुधा दोन वर्षांत पहिल्यांदा.

"कशालाही चालतं हे?" तिनं विचारलं.

"नाक लावलं की झालं," प्यो म्हणाला. जादा नाक त्यानं परत खिशात टाकलं. ते मोजलेलं होतं.

सरपंचाच्या अंगणात चटया अंथरल्या होत्या. उकडलेलं डुक्कर, ताज्या कोबीचं लोणचं, तांदळाची दारू घागरीनं. गावातल्या सगळ्या घरांचे रेडिओ मुद्दाम मोठ्यानं लावून ठेवलेले, एकाच गाण्याचे छत्तीस आवाज उतारावरून खाली येत होते. ओकबुनही आली होती. न येऊन चाललं नसतं, सदतीस घरांत एकच घर गैरहजर म्हणजे तिथे काहीतरी आहे. ती बायकांत बसून लोणचं वाढत होती. प्यो दुसऱ्या वाडग्यावर होता आणि शेजारच्याला चौदाचे पंधरा कसे झाले ते सांगत होता.

"अहो मिस्त्री," सरपंच ओसरीवरून म्हणाला, "तुमचं ओझं न्यायला विसरू नका. तुम्ही विसरलात, पण छोनची सून नाही विसरली. दुपारी मागच्या वाटेनं आणून ठेवलं तिनं. म्हणाली, आमच्या घरात याचं काही काम नाही, सरपंच, तुम्हीच साक्षीदार. प्रामाणिक बाई आहे."

ओसरीवर, चपलांच्या रांगेत, ट्रान्सफॉर्मर होता.

प्योला सगळं कळायला वेळ लागला नाही. तिला तो सापळा वाटला होता. ज्या घरात ट्रान्सफॉर्मर त्या घरात लपवलेली वस्तू, हे शेंबडं पोरही सांगेल. सरपंचासमोर तो दारात ठेवून यानं तिला पकडायचा डाव टाकलाय, असं तिला वाटलं, आणि तिनं आपल्या परीनं घर सुरक्षित केलं. पण मग ब्लँकेट? सपाट पाती गोल भोकात जात नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्या घरात नाक एकच आणि ते रेडिओला आहे. रेडिओला असलं तर रेडिओ वाजत असेल. त्यानं कान दिले. छत्तीस घरांचं गाणं येत होतं. टोकाचं घर गप्प होतं.

"वहिनी," तो उभा राहून म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "आजोबा कसे आहेत?"

सगळ्या बायकांनी वळून बघितलं. ओकबुन लोणच्याचा चमचा धरून त्याच्याकडे बघत राहिली. "झोपलेत. ऊब आहे त्यांना," ती म्हणाली.

त्यानं वर त्या घराकडे पाहिलं. धुराड्यातून धूर नव्हता. तो पळत सुटला.

आत काय होतं ते प्योनं नंतर कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ज्वाळा नव्हत्या. गादी आतल्या आत धुमसली होती. दुप्पट दाबावर ब्लँकेट चौपट तापतं, हे त्याला कोष्टकातून पाठ होतं. त्यानं पिन उपसली तेव्हा नाक हातात गरम लागलं. म्हाताऱ्याचे डोळे उघडे होते आणि दाराकडे होते. ज्याला ओरडता येत नाही, हलता येत नाही, त्याच्या अंगाखाली तासभर.

मागून सरपंच आला, मग ओकबुन. ती रडली नाही. ती गादीपाशी गेली, दुलई सारखी केली, आणि सासऱ्याच्या पायांवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, गार नाही ना लागत?" सरपंच बाहेर जाऊन पायरीवर बसला. कोट काढून त्यानं मांडीवर घेतला.

थोड्या वेळानं तो आत आला तेव्हा त्याचं ठरलं होतं. परदेशी माल नाही अशी सदतीस घरांची यादी त्याच्या सहीनं वर गेली होती. ब्लँकेट निघालं तर ओकबुन चौकीत, तिच्या ज्या बहिणीनं छावणीजवळून ते आणून दिलं ती तुरुंगात, आणि मिस्त्रीचं लायसन्स जाणार.

"कोळशाचा वायू," सरपंच म्हणाला. "हिवाळा आहे. कुणी विचारणार नाही."

"सरपंच, त्या खोलीत कोळसा कधी..." प्यो म्हणाला.

"आजपासून होता."

हिवाळ्यापुरते लोणच्याचे रांजण जमिनीत पुरून ठेवतात, त्यासाठी परसात खड्डा खणलेला होता. सरपंचानं स्वतःच्या हातानं जळकं ब्लँकेट आणि गादी त्यात टाकली आणि वर माती लोटली. म्हाताऱ्याला त्यानं आणि प्योनं मिळून जाड कापडात गुंडाळलं. मग त्यानं थंड चुलाण्यात कोळशाच्या दोन वड्या पेटवल्या, धुराड्यातून धूर दिसावा म्हणून. ओकबुन त्या धुराकडे बघत अंगणात उभी होती. दोन हिवाळे तिनं तो धूर घरात येऊ दिला नव्हता. तिन्हीसांजेला हवालदार आला, उंबऱ्यातून डोकावला, धुराडं बघितलं आणि लिहून घेऊन गेला. अरबांच्या देशात तार गेली: वडील कोळशाच्या वायूनं वारले.

अंत्यविधी तिसऱ्या दिवशी झाला. तो उरकल्यावर प्यो गेला. ओकबुन जाडाभरड्या तागाच्या सुतकी कपड्यांत ओसरीवर बसली होती. तिनं उठून सातूचा चहा आणला.

"त्यांना वाटेल मी कोळसा पेटवला," ती म्हणाली. "शपथ घातली होती त्यांनी. आता येतील तेव्हा काय सांगू? पेटवला नाही म्हणावं तर बहीण जाते. पेटवला म्हणावं तर मी जाते."

प्योनं पेला उचलून घेतला.

"मिस्त्री, एक विचारू? रागावू नका."

"विचारा, वहिनी."

ती आत जाऊन रेडिओ घेऊन आली. ओटीतून तिनं नाक काढलं, एका कोपऱ्याला काळं पडलेलं, ते रेडिओच्या पिनेवर बसवलं आणि सॉकेटमध्ये घातलं. रेडिओ लागला. हवामान सांगत होते, आवाज स्वच्छ होता. ती रेडिओकडे आणि मग प्योकडे बघत राहिली. तिच्या नजरेत आरोप नव्हता. असता तर बरं झालं असतं. न येणारं गणित घेऊन पोर मास्तरांकडे जातं तशी ती बघत होती.

"हेच नाक होतं. नीट लावलं होतं मी, तुम्ही लावलंत तसंच. नाक लावलं की झालं म्हणालात. याला तर काही झालं नाही. मग त्याला का झालं?"

उत्तर प्योपाशी तीन दिवस तयार होतं. एकच वाक्य होतं. तुम्ही चहा करत होतात तेव्हा मी रेडिओच्या आतली कळ फिरवली, नाकात काही नसतं. एवढं म्हटलं की तिला कळलं असतं की तिची चूक नव्हती. कुणाची होती तेही कळलं असतं. वाक्य ओठांपर्यंत आलं. तिथे ते थांबलं आणि दुसरंच बाहेर पडलं.

"ब्लँकेट जुनं होतं, वहिनी."

तिनं रेडिओचा आवाज बारीक केला.

"मी तिला म्हटलं होतं, जुनं असलं तर देऊ नकोस," ती म्हणाली. "ती म्हणाली, ताई, कोरं आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही." मग मान हलवत, अगदी हळू, "खोटं बोलली माझ्याशी. सख्खी बहीण."

प्योला लाज वाटली. सासू नाही, सासरा नाही, नवरा येईल तो तोंड फिरवून येईल. एक बहीण उरली होती, तीही आत्ता त्यानं काढून घेतली. अजूनही बोलता आलं असतं. ओकबुन बसली होती, रेडिओ बोलत होता, वेळ भरपूर होता. त्यानं पेला खाली ठेवला आणि तो उठला.

"रेडिओ असू दे चालू?" तिनं विचारलं. "काही होणार नाही ना?"

"असू दे," तो म्हणाला.

त्यानं बूट घातले आणि उतार उतरला. काम पुरं झाल्याचा कागद त्यानं आदल्या दिवशीच भरून दिला होता. गाव बामगोल, घरं सदतीस, अपघात नाही.

बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्या मांडीवरची हत्यारांची पेटी बघितली.

"वीजवाले का?"

"हो."

"आमच्याकडे पुढच्या महिन्यात येणार म्हणतात. घाबरलेत सगळे. धोका नाही ना काही?"

प्यो खिडकीबाहेर बघत होता.

"पंधरा गावं झाली," प्यो म्हणाला. "एक रेडिओसुद्धा जळला नाही."